पेरूचं बेचकं

आधी एक कबूल करा, की मधात कोणी हसणार नाही. हसाचं असंन तं आत्ताच हसून घ्या, चहाही संपवून घ्या. मले हे सांगताना अजूनही डोक्शात सणक जाते, अन् समोरचा दात काढून राहिला की आणखीनच जाते.

माह्याबद्दल तुमी जे ऐकलं ना, 'अकोल्याच्या सोयऱ्याचं झाड तोडवणारा मामा', ते सारं दिगांबरभाऊनं पसरवलेलं आहे. अमरावतीपासून मूर्तिजापूरपर्यंत चहाची एक टपरी त्यानं सोडली नाही! माह्या तोंडून कोणी ऐकलं काय? कोणी विचारलं काय, की बावा, तुही बाजू काय? नाही. मंग आता ऐका.

माहं अमरावतीत सायकलचं दुकान आहे. दुकानामागं घर, घरामागं आवार. आवारात पपया, शेवगा, लिंबाचं एक झाड. सारं माह्या हातचं. अन् खाते कोण? काळतोंडे! वानेरं! सरकारनं यांच्यासाठी आख्खा मेळघाट ठेवला आहे. लोकं जिपा करून सेमाडोहले जातात, की बाप्पा, एखादं तरी जनावर दिसू दे. अन् हे महाराज इकडे माह्या शेवग्यावर शेपट्या लोंबकळवून बसतात, कच्ची पपई तोडतात, एक घास खातात अन् बाकीची माह्या टिनावर फेकतात. अरे, खाता तं पूर्ण खा ना! अर्धी टाकाची काय रीत झाली?

बरं, वानेराले मारता येत नाही. मारुतीची जात. मी स्वतः शनवारी रुईच्या पानाची माळ घेऊन देवळात जातो, मंग कोणत्या तोंडानं मारू? फक्त त्याच्या कानाजवळून काहीतरी सुं करून गेलं पाह्यजे, म्हणजे त्याले समजते, की या घरी माणूस राह्यते. त्याच्यासाठी इलाज एकच, गुलेल. निंबोळी लावाची, वढाची, सोडाची. कोणाले लागत नाही, पाप नाही.

आता गुलेलीले रबर पाह्यजे, तं माह्या दुकानात ट्यूबच ट्यूब. चामडं पाह्यजे, तं जुन्या सीटा पडल्या आहेत. राहिलं काय? बेचकं, दोन शिंगं फुटलेली फांदी. अन् इथंच माह्या आयुष्याची वाट लागली.

तेजू माही भाची. तिचे बाबा गेले तवापासून त्या घरचा मोठा माणूस मीच. पोट्टी अकोल्याले फार्मसी शिकली, आता इथं एका दवाखान्यात नोकरीले आहे. हुशार, प्रेमळ, पण मोबाईलची भक्त. माही वानेराची कटकट ऐकली अन् म्हणते, "मामा, एवढंच ना? ऑनलाईन मागवतो. साईज सांग."

"कशाचा साईज?"

"गुलेलीचा. स्मॉल, मिडीयम, लार्ज."

"गुलेल आहे का बनियन?" मी म्हटलं.

"मामा, तळहाताचं माप टाका लागते. अन् मटेरियल सांग. स्टील, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक..."

"लाकूड!"

"लाकूड दिसून नाही राहिलं. स्टील टाकतो, जिंदगीभर टिकीन."

आली गुलेल. चकचकीत. मनगटावर टेकवाले लोखंडाची एक पट्टी, अन् समोर लाल लाईट! लाईट कशाले? वानेराची आरती कराची आहे काय? अन् दोन शिंगांच्या मधात जागा एवढी, की आख्खी पपई आरपार निंगून जाईन.

तरी म्हटलं, पोरीनं हौसेनं मागवली, एकदा चालवून पाहू. मे महिना. ती लोखंडी गुलेल जराशी ओट्यावर ठेवली होती, तं तवा झाली. उचलली तं चटका! फडकं गुंडाळून धरली तं घामानं फिरली. वढली अन् सोडली तं निंबोळी गेली शेजारच्या कूलरमधी, अन् रबर आलं माह्या अंगठ्यावर. असं झणझणलं, की मी जागच्या जागी नाचलो. समोर शेवग्यावर बुढा वानेर मांडी खाजवत बसला होता. तो आरामात पाहून राहिला.

मालती, म्हणजे आमची मंडळी, दारात उभी होती. म्हणते, "त्यानं तं पापणी नाही हलवली. तुमीच उडी मारली."

सांगा, असं बोलावं काय घरच्या माणसानं?

आता तुमाले वाटीन, बेचक्याचं काय एवढं? दोन काड्या जोडल्या की झालं. अशानंच तं सारं बिघडते! अहो, गुलेलीचा सारा जीव बेचक्यात असते. दांडी मुठीत भरली पाह्यजे. चार बोटं दांडीले वेढून अंगठ्याच्या मुळाशी टेकली, की ते तुमचं माप. दोन शिंगांमधात चार बोटं जागा. जास्त झाली की रबर वाकडं वढल्या जाते अन् नेम दुसऱ्याच्या घरात. कमी झाली की चामडं अडकते अन् निंबोळी आपल्याच नखावर. मोबाईलमधी हे कोण सांगीन तुमाले?

अन् लाकूड! निंबाचं वाळलं की चिरते. बाभळीचं मजबूत, पण जड, अन् गाठी टोचतात. सीताफळाचं दिसाले झ्याक, वढलं की कट्! राजा म्हणजे पेरू. चिकना तरी घसरत नाही, लवते पण मोडत नाही. पण दोन्ही शिंगं सारखी फुटलेली फांदी पाह्यजे. एक जाड अन् एक बारीक असलं तं ते बेचकं कपडे वाळवाच्या दोरीले टेकू द्या. तशी फांदी शोधत मी मोहल्ल्यातल्या ज्याच्या-त्याच्या आवारात मान वर करून फिरलो. लोकं आधी विचारत, मंग विचारणं बंद केलं. फांदी काही भेटली नाही.

अन् अशात तेजूच्या लग्नाचं निंगालं.

अकोल्याचा सौरभ. कॉलेजातला. पोट्टापोट्टीनं आपसात कधीचं पक्कं केलं होतं. पण आपल्याकडे तेवढ्यानं भागते काय? मधात एक माणूस लागते, मंग घर पाहणं, मंग बोलणी. मधातला माणूस म्हणजे हेच दिगांबरभाऊ. आमचेही दूरचे, त्याईचेही दूरचे. लग्न जुळवाचा भल्ला शौक. माणसाच्या मनातलं मले न बोलता समजते, असं ते स्वतःच सांगतात.

अकोल्याले घर पाहाले जाच्या आदल्या दिवशी तेजू दुकानात आली. स्टुलावर बसली. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता.

"मामा, एक मागतो. देशीन?"

"जीव माग."

"जीव नको. तू फक्त चूप बसजो."

"म्हणजे?"

"म्हणजे तू लय बोलते, मामा. तिथं वानेर काढू नको, गुलेल काढू नको, सायकल काढू नको. सौरभची आई कडक आहे. तिले वाटलं, की हे लोकं असेतसे आहेत, तं ती नाही म्हणीन, अन् सौरभ आईच्या बाहेर नाही. बाबा असते तं त्याईले म्हटलं असतं. आता माहं सारं तुह्या चूप बसण्यावर आहे."

तिचे डोळे भरले. माहे पण भरले, लपवत नाही. मी सायकलचा पान्हा हातात धरून शपथ घेतली, की एक शब्द काढणार नाही. अन् काढला पण नाही! हे ध्यानात ठेवा. पुढं जे झालं ते बोलून नाही झालं.

अकोल्याले गेलो. मी, मालती, ताई, म्हणजे तेजूची आई, अन् दिगांबरभाऊ. घर चांगलं, ऐसपैस. सौरभचे वडील नारायणराव गरीब माणूस, गाईसारखे. आई विमलबाई खरंच कडक. नजर अशी, की आपण चप्पल नीट काढली का नाही, हे परत जाऊन पाहावं वाटते.

मी बसलो. चूप. माह्या समोर खिडकी. खिडकीबाहेर आवार. आवारात पेरूचं झाड.

अन् त्या झाडाले... अरे बाप्पा! काय सांगू! खालच्या अंगाले एक फांदी. मुठीएवढी जाड, सरळ, अन् वर जाऊन दोन शिंगं. सारखी! एक इकडे, एक तिकडे, जसं कोणी मापून फोडलं. सारी अमरावती धुंडाळली मी याच्यासाठी, अन् हे इथं अकोल्यात उभं!

आतमधी बोलणी चालली होती. सौरभचा पगार, तेजूची नोकरी, मानपान. मी मान हलवून राहिलो होतो, पण डोळे खिडकीबाहेर. ताईनं कोपर मारलं. मी डोळे आत आणले. ते परत बाहेर गेले. माहा काय दोष? डोळ्याले शपथ दिली नव्हती.

आलूपोहे आले. मी प्लेट घेऊन उठलो अन् आवारात गेलो. म्हटलं, जवळून पाहून घेऊ. फांदीवर मूठ टेकवली. बरोबर! शिंगांमधात चार बोटं घातली. बरोबर! मंग एक डोळा मिटला अन् बेचक्यातून नेम धरून पाहिला. आता ती फांदी नेमकी घराच्या मुख्य दरवाज्याकडे तोंड करून होती, त्याले मी काय करू? नेम धरून पाहाचा तं समोर जे येईन तेच दिसणार ना! दरवाजात नारायणराव उभे होते, अन् त्याईच्या मागं दिगांबरभाऊ.

नारायणराव जवळ आले. "काही... खटकलं काय जी?"

आता बोला. सांगितलं असतं, की गुलेलीसाठी पाहून राहिलो, तं शपथ मोडत होती. म्हणून मी एवढंच विचारलं, "झाड जुनं आहे?"

"हो जी. सौरभच्या आईनं लावलं."

"इकडून ऊन लागते काय याले?" ऊन खाल्लेलं लाकूड पक्कं असते, म्हणून विचारलं.

"सकाळचं लागते."

"हं," मी म्हटलं. फांदीकडे पाहिलं. मनात आलं, की मागून घ्यावी. पण मुलीकडचा मामा पहिल्या भेटीत पोरासोबत फांदी मागते, हे कसं दिसीन? जीव तुटला. "ही फांदी..." एवढं तोंडातून निंगालं. मंग मी उसासा टाकला अन् पोहे तसेच ठेवून आत गेलो.

आता तुमाले आपल्याकडची रीत माहीत आहे. पाव्हणे घर पाहाले आले की तोंडावर कोणी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. 'कळवतो' म्हणतात अन् निंगतात. मंग मागं राहिलेले लोकं अंदाज लावत बसतात. पाव्हण्यानं पाणी किती पिलं? पोहे काहून टाकले? जाताना हसला का नाही? मी पोहे टाकले होते, एक डोळा मिटून दरवाजा पाहिला होता, दिशा विचारली होती, उसासा टाकला होता, अन् वरून चूप होतो. अन् अंदाज लावाले तिथं कोण थांबलं? दिगांबरभाऊ! म्हणे, माहं अकोल्यात एक काम आहे, मी मागून येतो.

काम हेच होतं. नारायणरावाले कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "मामा बोलले नाही, पण मले समजलं. वास्तू पाहून राहिले होते. दरवाज्यासमोर झाड, त्याची फांदी दोन तोंडाची. मामाले ते खपलं नाही. मामाचा होकार पाह्यजे असंन तं ते झाड ठेवू नका."

आता मले सांगा, माह्या कपाळावर 'वास्तू' लिहिलं आहे काय? माहं स्वतःचं संडास माह्या दरवाज्यासमोर आहे!

पण हे मले तवा माहीत नव्हतं. मले काय माहीत? दोन-तीन दिवसांनं दिगांबरभाऊचा फोन. आवाज एकदम खालचा, मिठाई लावल्यासारखा.

"मामा, तुमच्या मनातलं काम झालं बरं. नारायणरावानं कुऱ्हाड लावली."

मी उडालोच! म्हटलं, काय माणूस आहे! न बोलता ओळखलं! फांदी तोडली माह्यासाठी!

"वा वा वा!" मी म्हटलं. "लय चांगलं केलं! मले तं मागाची लाज वाटत होती, भाऊ!"

"मले समजलं होतं जी."

"आता त्याईले म्हणा, सावलीत वाळू द्या. मी स्वतः येऊन घेऊन जातो."

"घेऊन जाता? तुमी?"

"मंग काय! दुसऱ्या कोणाले हात लावू देऊ नका."

दिगांबरभाऊनं याचा काय अर्थ काढला असंन? म्हणे, मामा पोहोचलेला माणूस आहे, दोषाचं लाकूड स्वतः नेऊन त्याची काही शांती करणार आहे. अन् तसंच तिकडे सांगितलं! असा माणूस लग्न जुळवते. याच्या हाती सुई द्यावी तं हा तिचा खड्डे खोदाचा सब्बल करीन.

त्या दिवशी मी दुकानात शीळ घालून राहिलो होतो. चांगल्या ट्यूबचं रबर कापून ठेवलं. चामडं तेलात भिजवलं. अन् दुपारी तेजू आली. रडून रडून तोंड सुजलेलं.

"मामा, तू काय केलं?"

"काय केलं? चूप बसलो."

"मंग झाड काहून तोडाले लावलं?"

"झाड?" मी म्हटलं. "फांदी, बाई. अन् मी कुठं लावलं, त्याईनं प्रेमानं..."

"आख्खं झाड तोडलं, मामा! सौरभची आई बाजारात गेली होती. घरी आली तं आवारात झाड आडवं. ती तवापासून जेवली नाही. म्हणते, ज्या लोकाईले पोरगी द्याच्या आधी माहं झाड खपलं नाही, ते लोकं उद्या मले खपू देतीन काय? अशा घमेंडी घरची पोरगी आपल्याले नको. सौरभ काही बोलून नाही राहिला. मामा, माहं मोडलं!"

खरं सांगतो, त्या दिवशी मले पह्यल्यांदा वाटलं, की माह्या मेलेल्या भाटव्याले, तेजूच्या बाबाले, मी काय तोंड दाखवू. पण राग! राग त्याच्याही वर! अरे, मी फांदीकडे पाहिलं, तं झाड तोडता? उद्या मी तुमच्या भिंतीकडे पाहिलं असतं तं घर पाडलं असतं काय? न विचारता! एक फोन करून विचारलं असतं, 'मामा, काय पाहत होता जी?' पण नाही. विचारलं तं मान जाते ना!

"तू घरी जा," तेजूले म्हटलं. "मी आत्ता अकोल्याले निंगतो."

"अन् काय सांगशीन?"

"खरं."

"नको, मामा! खरं तं त्याहून वाईट आहे!"

पण मी निंगालो. मालती सोबत आली, म्हणे तुमाले एकटं सोडत नाही. पुरावा पाह्यजे म्हणून ती लोखंडी गुलेल पिशवीत टाकली. बसमधी साऱ्या रस्त्यानं मनात भाषण तयार केलं. मूर्तिजापूर येईपर्यंत भाषण चांगलं होतं. पुढं ते हळूहळू विसरलो.

घरात गेलो तं बैठकीत नारायणराव मान खाली घालून, विमलबाई भिंतीले टेकून, अन् दिगांबरभाऊ तिथंच! मले पाहून उठले, "या मामा, मी याईले समजावूनच राहिलो होतो, की वास्तूचा दोष..."

"दोष तुमच्या डोक्शात आहे!" मी ओरडलो. "मी वास्तू पाहत नव्हतो. मी हे पाहत होतो!"

अन् पिशवीतून गुलेल काढली. रागात हात वर गेला असंन. त्या पट्टीचं बटन दाबल्या गेलं अन् तो लाल लाईट बरोबर दिगांबरभाऊच्या कपाळावर! ते बाप्पा कपाटामागं! नारायणराव सोफ्याखाली वाकले. मालती म्हणते, "अहो, खाली करा ते, खाली करा!"

एकट्या विमलबाई हलल्या नाहीत. म्हणल्या, "हे काय आहे?"

"गुलेल," मी म्हटलं. "स्टीलची. बेकार. मले पेरूची पाह्यजे होती. तुमच्या झाडाले बेचकं होतं. ते मी मोजत होतो. माह्या घरी वानेरं येतात. तेजूनं शपथ घातली होती, की बोलू नको, म्हणून बोललो नाही. झाड तोडा असं मी म्हटलं नाही. फांदी द्या असंही म्हटलं नाही. मी फक्त उसासा टाकला. माणसानं उसासा टाकू नये काय?"

कपाटामागून दिगांबरभाऊनं अर्धं डोकं बाहेर काढलं.

"तुमचं वय काय हो?" विमलबाई म्हणल्या.

मी गुलेल परत पिशवीत टाकली.

"खोटं बोलून राहिले," त्या म्हणल्या. "आता लग्न मोडते म्हणून गोष्ट बनवून आणली. एवढा मोठा माणूस गुलेलीसाठी झाडं मोजते काय? चला आवारात. खरं असंन तं दाखवा, कोणती फांदी."

आवारात झाड तोडून ढीग केलेला. पानं सुकलेली. मले वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं. बाईनं पाणी घालून वाढवलेलं झाड. मी त्या ढिगात घुसलो. काड्या बाजूले करत, वाकत, अंगभर पानं लागली. गुडघ्यावर बसून शोधलं. अन् सापडलं! खाली दबलं होतं, पण साबूत. मी ते वढून काढलं, मुठीत धरलं. चार बोटं घातली. एक डोळा मिटला.

काय बसलं होतं हातात, देवा! त्या क्षणाले मी लग्न विसरलो, तेजू विसरलो, कोणाच्या घरी उभा आहो ते विसरलो. "पाहा!" मी म्हटलं. "पाहा न जी! दोन्ही शिंगं सारखी! माप पाहा!"

वर पाहतो तं विमलबाई माह्याकडे पाहून राहिल्या. मंग नवऱ्याकडे वळून म्हणल्या, "अहो, सोडा. हा माणूस घमेंडी नाही. हा येडा बैताड आहे."

"म्हणजे जी?" मी विचारलं.

"म्हणजे पोरगी करून घेऊ. घरात बैताड माणूस चालते, घमेंडी नाही चालत." मंग त्या नारायणरावाकडे अशा वळल्या, की मले त्या माणसाची कीव आली. "अन् तुमी! पाव्हण्यानं उसासा टाकला तं माहं झाड तोडता?"

मालतीनं देवाले हात जोडले. मी बेचकं पिशवीत टाकाले लागलो, तं विमलबाईनं हात पुढं केला.

"ते इकडे द्या."

"हे? पण आता तं तुटलंच आहे..."

"माह्या झाडाचं आहे. माह्याकडेच राहीन. बुंध्याले फुटवा येईन, तोवर हे पाहून मन रमवीन मी. द्या."

दिलं. काय करता? तेजूचा संसार त्या मुठीत होता. आता तुमीच न्याय करा! झाड तोडलं त्याईनं, अक्कल पाजळली दिगांबरभाऊनं, बेचकं ठेवून घेतलं बाईनं, अन् बैताड मी! दिगांबरभाऊ तं वर छाती काढून सांगत फिरतात, की कसं मोडत आलेलं लग्न मी सावरलं. कपाटामागून सावरलं काय?

असो. लग्न ठरलं. पोट्टी माह्या गळ्यात पडून अशी रडली, की माहा शर्ट वला झाला. म्हटलं, जाऊ दे, झालं गेलं. इहीनबाई झालेल्या विमलबाईही विसरून गेल्या असतीन. माणूस एवढं कुठं मनात ठेवते?

लग्न आमच्याकडे, ताईच्या आवारात मांडव. सकाळी मुहूर्तमेढ रोवली. उंबराची, सरळ, वरून दोन फाटे फुटलेली, हळदकुंकू लावून सजवलेली. मी मामा म्हणून नवा फेटा बांधून, अत्तर लावून मांडवात आलो. पाहतो तं मालती, पैठणी नेसलेली, मेढीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून उन्हात बसलेली.

"इथं काहून बसली वं उन्हात?" मी म्हटलं.

"बसली अशीच."

"अवं, आतमधी बायका तुही वाट पाहून राहिल्या. उठ!"

"उठता येत नाही. इहीनबाईचा फोन आला होता अकोल्याहून."

"काय म्हणे? वऱ्हाड निंगालं काय?"

"ते नाही सांगितलं. त्या म्हणे, मामा मांडवात आले काय? आले असतीन तं पह्यले मेढीजवळ एक माणूस बसवा."